तुम्ही विचारलंत म्हणून: आंगने ओझायला मारायला हवं होतं का?

दरवर्षी मे संपता संपता हा प्रश्न येतो. जिन्यात येतो, भाजीच्या गाडीपाशी येतो, गेल्या वर्षी तर एका मुलाचे बाबा तेवढ्यासाठी दोन मजले चढून वर आले. सुटीत आमच्या इमारतीतली दहा-बारा मुलं संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये जमतात आणि मी त्यांना ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही कार्टून मालिका दाखवते. एकूण 61 भाग. रोज दोन, आणि शेवटचे चार एकाच बैठकीत. सहा उन्हाळे झाले. ते चार भाग संपले की पोह्यांच्या बशा हातात येण्याआधी कोणीतरी विचारतंच, “काकू, तुम्हाला शेवट पटला?”

एका वर्षी मी “हो” म्हटलं, एका वर्षी “नाही”. एकदा “तुम्हीच सांगा” म्हणून सुटका करून घेतली. तुमच्यातल्या दोघातिघांच्या हे लक्षात आलं आणि “काकूंचं नक्की काय ते कळत नाही” असं बोललंही गेलं. माझ्या कानावर आलंय. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

मालिका तुम्ही पाहिलेली आहे, त्यामुळे गोष्ट सांगत नाही. नवख्यांसाठी एवढंच: पाणी, माती, आग किंवा हवा आपल्या मर्जीने वाकवणाऱ्या माणसांच्या त्या जगात या चारही शक्ती एकट्या ‘अवतारा’कडे असतात, तो म्हणजे आंग; आणि जग जाळायला निघालेला अग्निराष्ट्राचा राजा म्हणजे ओझाय. ओझायचा मुलगा झुको तंबूत आयरोकाकाची माफी मागायला जातो आणि तो म्हातारा एक शब्द न विचारता त्याला मिठीत ओढून घेतो, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही, माझीही नाही. साखळदंडाला बांधलेली, हुंदके देणारी त्याची बहीण अझुला पाहून मला अजून त्रास होतो, पण तो शेवट खरा आहे. झुको तुरुंगात जाऊन बापाला आईचा पत्ता विचारतो आणि उत्तर न देताच मालिका संपते, यावर मुलं चिडतात. मला ते आवडतं. भांडण आहे ते एकाच जागी. बारा वर्षांचा आंग म्हणतो, मी ओझायला मारणार नाही. बाकी सगळे म्हणतात, मारावंच लागेल. आणि ऐन वेळी समुद्रात बेटाएवढं सिंह-कासव भेटतं, नखाने आंगला स्पर्श करतं, आणि माणसातली शक्तीच काढून घेण्याची विद्या त्याला मिळते. ओझाय जिवंत राहतो, त्याची आग जाते.

ही पळवाट आहे का, हा तुमचा प्रश्न.

‘पळवाट’ हा शब्द ऐकला की मी आधी भांडायलाच उठते, ते आजही उठते. ज्यांना कासव आभाळातून पडल्यासारखं वाटतं त्यांनी दुसऱ्या पर्वातला वाळवंटातल्या ग्रंथालयाचा भाग पुन्हा बघावा. आंग तिथे एका चित्राकडे बघून सिंह-कासवांबद्दल बोलतो. दोन सेकंदांचं बोलणं आहे, पण आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न मारण्याची तयारी मालिकेने पहिल्यापासून केलेली आहे. आंगची मैत्रीण कटारा आईच्या मारेकऱ्यासमोर उभी राहते, पाऊस तिने हवेत थांबवलेला असतो, आणि ती त्या माणसाला सोडून देते. माफ करत नाही, नुसती सोडते. आंग मांस खात नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या सरावात ओझाय म्हणून उभ्या केलेल्या कलिंगडाच्या डोक्यावरही त्याचा हात उठत नाही, शेवटी ते कटाराचा भाऊ सोका तोडतो. असा मुलगा शेवटच्या भागात खून करून घरी चहा प्यायला आला असता तर तुम्हीच म्हणाला असतात की हा आमचा आंग नव्हे.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून मला इथे काही मिळवायचं नाही. तिसऱ्या भागात आंगच्या गुरूचा, ग्यात्सोचा, सांगाडा दिसतो, आठवतं? त्याच्याभोवती अग्निराष्ट्राच्या सैनिकांचे सांगाडे पडलेले असतात. तेवढे सैनिक आपोआप मेले नव्हते. ज्या गुरूने आंगला प्रत्येक जीव पवित्र मानायला शिकवलं, त्या गुरूने शेवटच्या घटकेला काय केलं ते त्या खोलीत न बोलता सांगितलेलं आहे. शेवटच्या भागांत आंग आपल्या आधीच्या जन्मांतल्या अवतारांना एकेक करून सल्ला विचारतो. यांगचेनला तो मुद्दाम शेवटी विचारतो, कारण ती त्याच्यासारखीच वायुपंथी, ती तरी आपल्या बाजूने बोलेल. ती म्हणते की अवताराला स्वतःच्या आत्म्याची शुद्धता बाजूला ठेवून जगाचं रक्षण करावं लागतं. म्हणजे स्वतःचे हात स्वच्छ ठेवणं हाही एक स्वार्थ होऊ शकतो. मुलांच्या मालिकेत इतकं कठीण वाक्य मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आणि ते वाक्य बोलून झाल्यावर काही मिनिटांतच कासव येतं आणि त्या वाक्याची गरजच संपवतं.

इथपर्यंत कोणीही पोचेल. माझी उत्तरं दर वर्षी का बदलतात ते यापुढे आहे.

लेक नऊ वर्षांची असताना आम्ही दोघींनी ही मालिका पहिल्यांदा पाहिली. दिवाळीच्या सुटीत, लॅपटॉपवर, एका रजईत. तांबू आमच्या पायांशी असायचा. रिक्षा स्टँडजवळून मी उचलून आणलेला गावठी कुत्रा, तेव्हा तेरा वर्षांचा, म्हणजे लेकीपेक्षा मोठा. शेवटच्या रात्री आंगने ओझायची आग काढून घेतली तेव्हा ती टाळ्या वाजवत उठून उभी राहिली. आणि मी, मला त्या क्षणी फार शहाणपण सुचलं होतं, मी तिला म्हटलं, “बघितलंस? सगळ्यांना घाई होती. त्याने घाई केली नाही, म्हणून त्याला तिसरा मार्ग सापडला.”

तीन आठवड्यांनी तांबूने खाणं सोडलं. आधी वाटलं थंडी आहे. मग उलट्या सुरू झाल्या. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, जे साधारण दीडच्या आत असायला हवं, ते अकराच्या वर. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सलाइन लावलं, आकडा हलला नाही. तोंडात फोड आले. जवळ गेलं की श्वासाला संडासात येतो तसा उग्र वास यायचा. तो वास मला अजून मध्येच कुठेही येतो.

बुधवारी डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या बघितल्या, पोटावर हात फिरवला आणि मला म्हणाले, “ताई, यातून तो उठणार नाही. आता त्याचे हाल नकोत. आजच इंजेक्शन देऊन झोपवूया.”

लेक टेबलाला धरून उभी होती. ती म्हणाली, “नाही. तिसरा मार्ग असतो.” आणि मग माझ्याकडे बघून, “तूच म्हणालीस.”

डॉक्टर काही बोलले नाहीत. निर्णय मीच घ्यायचा होता. मला दिसत होतं ते त्यांनाही दिसत होतं. आणि मी म्हटलं, “दोन दिवस बघूया.”

दोनाचे चार झाले. गुरुवारी मी त्याच्या कातडीखाली सुई घालून घरीच सलाइन दिलं, माझे हात कापत होते आणि तो हूं की चूं करत नव्हता. शुक्रवारपासून त्याला उभं राहता येईना. जागच्या जागी सू व्हायची आणि त्याची त्याला लाज वाटायची. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, कुत्रा पाळलेल्या माणसाला ते डोळे ओळखता येतात. लेक त्याच्याशेजारी चटई टाकून झोपायची. शाळेतून आली की दप्तरही न काढता आधी त्याच्याकडे जायची, काही बदल आहे का बघायची. शनिवारी रात्री त्याला झटके यायला लागले. पाय ताठ, मान मागे, तोंडातून फेस. एक थांबायचा, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा. तिसऱ्या की चौथ्या वेळी लेक कानांवर हात ठेवून मला म्हणाली, “आई, अजून किती थांबायचं?”

रविवारी सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. दवाखाना बंद होता, तरी ते घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. दहा मिनिटांत झालं. तांबूचं अंग सैल पडलं तेव्हा मला कळलं की चार दिवस ते किती आवळलेलं होतं.

लेक स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसली होती. मी आत गेले तर तिने विचारलं, “बुधवारी केलं असतं तर त्याला एवढं दुखलं नसतं ना?”

मी म्हटलं, “बुधवारी डॉक्टरांना तरी कुठे नक्की माहीत होतं?”

त्यांना माहीत होतं. त्यांनी सांगितलंही होतं, तिच्यासमोर.

त्यानंतर पुढचं अख्खं वर्ष मी त्या कासवाचा राग राग केला. मुलांना पहिल्यांदा मालिका दाखवली ती पुढच्याच मे महिन्यात, लेकीच्या हट्टापायी, आणि शेवट आल्यावर मी त्यांना सांगून टाकलं की लेखकांना अवघड शेवट लिहायची हिंमत झाली नाही. त्या वर्षीच्या मुलांना माझं ते उत्तर लक्षात असेल. ते अन्यायाचं होतं. मालिका घडवणाऱ्या मायकेल डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को यांनी माझ्या लेकीला काहीच सांगितलं नव्हतं. थांबलं की मार्ग सापडतो हे वाक्य माझं होतं, मालिकेत ते कुठेच नाही. कासव तर उलट बजावतं की दुसऱ्याची शक्ती वाकवायला जाताना तुझा स्वतःचा आत्मा डळमळला तर तूच संपशील. आणि पडद्यावर ते जवळजवळ घडतं. ओझायचा तांबडा प्रकाश आंगला डोक्यापर्यंत गिळत येतो. मी ते सगळं सोडून आपल्याला हवं तेवढंच उचललं.

पण एवढं म्हणून मी मालिकेला मोकळं सोडत नाही. इतक्या वेळा पाहिल्यावर माझी तक्रार कासवाबद्दल राहिलेलीच नाही. तक्रार ही आहे की आंगच्या थांबण्याची किंमत कोणीच मोजत नाही. तो नाहीसा होतो, मित्र त्याला शोधत फिरतात, आगवाल्यांची ताकद वाढवणारा धूमकेतू येतो, हवाई जहाजं जंगल जाळत निघतात, तरी त्याला उशीर झाला म्हणून आपल्या ओळखीचं एकही माणूस मरत नाही. जळतात ती झाडं. ज्या मालिकेने पहिल्याच पर्वात दाखवलं की एक मुलगा, म्हणजे आंगच, घाबरून पळाला आणि शंभर वर्षांनी उठला तेव्हा त्याचे सगळे लोक संपलेले होते, तिला ही किंमत माहीत नव्हती असं मी मानणार नाही. माहीत होती. शेवटी ती बाजूला ठेवली. जो नकार देतो तो बहुतेक वेळा स्वतः भोगत नाही, त्याच्या पायाशी पडलेलं कोणीतरी भोगतं. हे मुलांना दाखवता आलं असतं. त्या मालिकेने त्यांना याहून जड गोष्टी दाखवल्या आहेत.

हे लिहितानाच मला ती वीज आठवते. ओझाय वीज फेकतो, आंग ती अंगावर घेतो, बोटं ओझायकडे रोखतो. ओझायच्या चेहऱ्यावर भीती दिसते. एका क्षणाचं काम होतं. आणि आंग हात वळवून ती वीज आभाळात सोडतो. त्यानंतर तो मार खातो, दगडाच्या गोळ्यात अंग चोरून बसतो, सगळं हरायची वेळ येते. ही किंमत नाही तर काय? पण कासवाची विद्या तेव्हा त्याला आधीच मिळालेली होती, असं लेक एकदा म्हणाली होती, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मग पाठीवरच्या नेमक्या जुन्या जखमेवर खडक बसून त्याची अडलेली शक्ती मोकळी होते. त्या खडकाचा बचाव मी कधीच केला नाही, आजही करत नाही.

लेक आता सोळा वर्षांची आहे. मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसते, मधूनमधून पंख्याचा वेग कमी-जास्त करते. गेल्या मे महिन्यात मुलं घरी गेल्यावर आम्ही दोघी भांडी आवरत होतो, तेव्हा तिने पाठमोरीनेच विचारलं, “आई, त्या बुधवारी डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?”

मी सांगितलं. शब्दन्‌शब्द.

“मला तेव्हाच ऐकू आलं होतं,” ती म्हणाली. मग उरलेले पोहे डब्यात काढले, झाकण लावलं आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायला गेली. शेवट तिला पटतो का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.