श्रीनगरचा एप्रिल: अंदाजात ‘निरभ्र, कमाल २३’ दिसलं तर दिवस कसा आखावा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात श्रीनगरच्या अंदाजात ‘निरभ्र, कमाल २३, किमान ७’ दिसलं की मुंबई-पुण्याची मंडळी स्वेटर बॅगेतून काढून घरीच ठेवतात. गडबड तिथेच होते. २३ हा आकडा दुपारी दोन-तीनच्या सुमाराचा, तोही सावलीतला. पहाटे पारा सातवर असतो, सकाळी नऊला जेमतेम बारा-तेरा, आणि पावणेसातच्या पुढे सूर्य मावळला की तासाभरात हुडहुडी भरते. उबदार दिवस म्हणजे अकरा ते पाच. शहर जवळपास १,६०० मीटरवर असल्याने त्या वेळातलं ऊन मात्र चांगलंच भाजतं. टी-शर्ट, त्यावर स्वेटर, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट एवढं पुरे. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका.

कमाल तापमानाइतकंच ‘सरासरीपेक्षा किती जास्त’ हेही हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये बघा. या दिवसांत कमाल साधारण अठरा-एकोणीस असते. चार-पाच अंशांनी वर गेलेली हवा सलग आठवडाभर टिकली, तर ट्यूलिप भराभर उमलतात आणि तितक्याच भराभर झडतात. श्रीनगरची ट्यूलिप बाग साधारण मार्चच्या उत्तरार्धात उघडते (२०२४ मध्ये २३ मार्च, २०२५ मध्ये २६ मार्च). लवकर, मध्ये आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिळून बहर जेमतेम महिनाभर पुरतो. मुलांच्या परीक्षा आटोपून एप्रिलअखेर निघणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेकदा नुसते देठ येतात. ट्यूलिपसाठीच जायचं असेल तर मार्चअखेर ते १० एप्रिल हे दिवस धरा. बदामवारी या शहरातल्याच बागेतला बदामाचा बहर त्याआधीच, मार्चच्या मध्याला येऊन जातो.

बागेत किती वाजता जावं? दार उघडताच धावण्यात अर्थ नाही. बाग झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या बाजूच्या उतारावर आहे. सूर्य त्या डोंगरामागून येत असल्याने वाफ्यांवर ऊन उशिरा पोचतं. शिवाय गारठ्यात ट्यूलिपच्या पाकळ्या मिटलेल्या असतात. सकाळी बघावं तर प्रत्येक फूल घट्ट मिटलेल्या मुठीसारखं, पाकळ्यांच्या बाहेरच्या अंगावर हिरवट झाक. ऊन लागलं की अर्ध्या-पाऊण तासात तेच फूल पेल्यासारखं उघडतं आणि आतला काळा-पिवळा मध्य दिसू लागतो. दुपारी दोननंतर कडक उन्हात पाकळ्या पार पसरतात आणि फोटोत फूल चपटं दिसतं. तेव्हा साडेदहा ते साडेबारा ही वेळ उत्तम. रविवार टाळा: उबदार रविवारी निम्मं श्रीनगर तिथे असतं आणि बुलेव्हार्ड रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. चष्मेशाही ही मुघल बाग अगदी जवळ आहे, ती त्याच फेरीत उरकते. निशात आणि शालिमार या मुघल बागा दुपारनंतर कराव्यात.

दलवरचा तरंगता भाजीबाजार बघायचा तर उजाडायच्या आत शिकाऱ्यात बसावं लागतं. पाण्यावरचा ओलावा धरून सहा-सात अंश म्हणजे बोटं बधिर होतात. हातमोजे आणि कानटोपी हवीच. हाउसबोट घेतलीत तर बुकिंगच्या वेळीच दोन गोष्टी विचारा: गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का, आणि गरम पाणी किती ते किती. ‘दिवसा गरम होतं, हीटर कशाला’ हे उत्तर रात्री दोन वाजता कामाचं नसतं. शिकाऱ्याचे दर घाटावरच्या फलकावर लिहिलेले असतात, ते वाचून मग बोलणी करा.

गुलमर्ग ५० किलोमीटर, पण हवा वेगळी. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी, हा हिशोब लावा: शहरात २२ असेल तर २,६५० मीटरवरच्या गुलमर्गला पंधरा आणि गोंडोलाच्या (तिथल्या केबल कारच्या) वरच्या टप्प्यावर, जवळपास ३,९५० मीटरला, सहा-सात, वारा सुटला की त्याहूनही कमी वाटतं. उन्हाने बर्फ दुपारपर्यंत भुसभुशीत होतो आणि साध्या बुटांत पाणी शिरतं. त्यामुळे गमबूट वाटेत तंगमर्गलाच भाड्याने घ्या. गोंडोलाची तिकिटं आधी ऑनलाइन काढा आणि सकाळची वेळ धरा. वारा वाढला की आधी वरचा टप्पा बंद होतो.

आता अंदाज फिरतो तेव्हाचं. श्रीनगरचा सर्वाधिक पाऊस मार्च-एप्रिलमध्येच पडतो आणि तो आणतात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे ढग-पावसाचे पट्टे. चार दिवस लख्ख ऊन, पाचव्या दिवशी पाऊस आणि कमाल एकदम बारा-तेरा, हे इथे नेहमीचंच. खूण सोपी आहे. आकाश निरभ्र असलं की रात्र गार होते; किमान सातवरून अचानक दहा-अकरावर गेलं, तर ढग पोचलेत असं समजा. ‘थंडी कमी झाली’ म्हणून त्या दिवशी गुलमर्गला निघू नका. गारा पडल्या तर ट्यूलिपही लोळतात, म्हणून बाग पहिल्या उन्हाच्या दिवशीच उरका. पावसात जम्मूकडचा महामार्ग रामबनजवळ दरडी कोसळून बंद पडतो. रस्त्याने परतणाऱ्यांनी मध्ये एक मोकळा दिवस ठेवावा.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम इथे चालत नाही. ग्रुपमध्ये निदान एकाकडे पोस्टपेड हवं, नाहीतर अंदाज बघायलाही हॉटेलचं वायफाय शोधत बसाल. परतताना विमानाच्या तीन तास आधी पोचा. टर्मिनलच्या अलीकडेच गाडी थांबवून सगळं सामान उतरवून तपासतात, आणि पुढेही तपासण्या आहेतच.