आज खयचो दिवस?

शाळेच्या रंगमंचावर माझ्या वाट्याला एकूण चारच वाक्ये आली, आणि त्यांतले पहिलेच मी चुकीचे बोललो. तरीही सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर मला परीक्षा, सहली किंवा बक्षिसे न आठवता ते नाटकच आठवते आहे.

चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटी कादंबरी लंडनमध्ये 19 डिसेंबर 1843 रोजी प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या 6,000 प्रती संपल्या, हे आमचे इंग्रजीचे सर दरवर्षी तालमीच्या पहिल्या दिवशी न चुकता सांगत. डिकन्सने आपल्या गोष्टीच्या पाच भागांना गाण्याची कडवी म्हटले आहे. सरांनी त्यांचे पाच प्रवेश करून मराठी रूपांतर एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवले होते. नाताळचे नाव काढताच ‘थोतांड!’ म्हणून फिस्कारणारा कंजूष स्क्रूज आणि त्याच्याकडे आठवड्याला 15 शिलिंगांवर राबणारा, कोळसा मिळत नाही म्हणून मेणबत्तीवर ऊब शोधणारा कारकून बॉब क्रॅचिट यांची ओळख आम्हाला त्या वहीतूनच झाली.

वेंगुर्ल्यात स्नेहसंमेलनाचे दिवस म्हणजे जत्रांचे दिवस. रात्र रात्र जागून दशावतार पाहिलेल्या प्रेक्षकांपुढे इंग्रजी गोष्ट उभी करायची, याची सरांना धास्ती असावी. म्हणून त्यांनी दशावतारात काम करणाऱ्या एका पालकांनाच तालमीला बोलावले. पडदे आणि देखावे यांचा हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी रद्द केला. दशावतारात एक बाकडे राजाचे सिंहासनही होते आणि वाटेवरचा दगडही. तसेच आमच्या वर्गातले बाकडे स्क्रूजची पेढी झाले, त्याचा पलंग झाले, आणि सुट्टीत सगळी मुले घरी गेल्यावर लहानगा स्क्रूज एकटाच वाचत बसतो ती शाळाही झाले. त्या प्रवेशात आमच्या वसतिगृहातल्या मुलांकडे कोणी वळून पाहत नसे.

स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ली याच्या भुताची साखळी पेट्या, किल्ल्या, कुलुपे आणि खतावण्या यांची असते. आमच्याकडे ती एका वर्गमित्राच्या होडीवरून आलेली नांगराची खरी साखळी होती, तिला शिपाईमामांचा किल्ल्यांचा जुडगा आणि जुनी हजेरीपुस्तके बांधलेली. ‘भूत आधी ऐकू येवंक व्हया, मगे दिसाक,’ असे त्या पालकांनी बजावले होते. त्यामुळे पखवाज थांबे, पेट्रोमॅक्स बारीक केला जाई आणि झावळ्यांच्या मांडवामागून फरफट ऐकू येई. तिच्याबरोबर सुक्या बांगड्याचा वासही पहिल्या रांगेपर्यंत पोहोचे, ही गोष्ट वेगळी.

मार्लीनंतर स्क्रूजला वाटेवर आणायला एकामागून एक तीन आत्मे येतात. मला मात्र आजही त्यांतला तिसरा, पुढचा काळ दाखवणारा आत्मा सर्वांत जास्त आठवतो. मूळ गोष्टीत तो एक अक्षरही बोलत नाही. काळ्या वस्त्रात उभा राहून केवळ हाताने दाखवतो. आमच्याकडे दहावीतला सर्वांत उंच मुलगा काळी घोंगडी पांघरून आला, तेव्हा प्रेक्षक दचकतील असा आमचा अंदाज होता. पण मागे बसलेल्या दोन आजींनी चक्क हात जोडले. चुकलेल्याला रात्री वाट दाखवणारा देवचार त्यांना ठाऊक होता आणि हाही त्याच कामाला आलेला दिसत होता. डिकन्सच्या भुतांचा खरा स्वभाव त्या आजींनी आमच्या आधी ओळखला, असे माझे मत आहे.

माझे काम शेवटच्या प्रवेशात होते. बदललेला स्क्रूज सकाळी खिडकीतून रस्त्यावरच्या पोराला विचारतो, ‘आज कोणता दिवस?’ आणि पोराने उत्तर द्यायचे, ‘आज? अहो, आज नाताळ!’ यानंतर तो पोराला सर्वांत मोठी टर्की आणायला पाठवतो. (टर्की आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती, पण तिचा गावठी कोंबडा करायला सर तयार नव्हते.) सातवीत होतो, मांडव माणसांनी गच्च भरला होता, आणि ऐन वेळी वहीतले वाक्य डोक्यातून साफ पुसले गेले. माझ्या तोंडून निघाले, ‘आज? आज नाताळ नाय काय! तुमका म्हायत नाय?’

मांडवात असा हशा उसळला की स्क्रूजला पुढचे वाक्य दोनदा म्हणावे लागले. ज्यांच्या दारावर चांदण्या लागलेल्या असत आणि ज्यांच्याकडून आमच्या घरी नेवऱ्या येत, ती ख्रिस्ती मंडळी सर्वांत जोराने हसत होती. रंगपटात आता कान उपटले जाणार, या भीतीने मी टोपी डोळ्यांवर ओढून बसलो. सर आले, माझ्याकडे न पाहता वही घेऊन गेले.

या स्मरणिकेच्या निमित्ताने ग्रंथालयात गेलो असता ती वही पाहायला मिळाली. पाचव्या प्रवेशात पोराच्या तोंडचे मूळ वाक्य तांबड्या शाईने खोडलेले आहे आणि वर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे : ‘तुमका म्हायत नाय?’ आणि कंसात, ‘येथे हशा संपेपर्यंत थांबावे.’