आमची वाटचाल : नाव घातलेली भांडी

जुन्या पितळेला बाजारात दोनच भाव: मोडीचा, नाहीतर अँटिकचा. आमचा धंदा या दोहोंच्या मधे सुरू झाला. पुण्याच्या पेठांतले वाडे पडत गेले, माणसं फ्लॅटमध्ये गेली आणि माळ्यावरची घंगाळं, तपेली वजनावर मोडीत निघाली. त्यातलं धड तेवढं घरांतून, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि भेटवस्तू म्हणून विकायचं, असं आम्ही ठरवलं.

मोडीतलं पितळही वाया जात नाही, वितळून पुन्हा पत्रा होतो, हे खरं. पण नऊशे अंशांच्या वर भट्टी पेटवून शेवटी तपेलंच करायचं, तर आहे ते काय वाईट?

पोचे काढायला, मठारायला (म्हणजे हातोडीने ठोकून पत्रा घट्ट करायला) कसबा पेठेतली तांबट आळी होतीच. कल्हईवाला मात्र शोधावा लागला. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, मग कथील लावून कापसाने झरझर फिरवायचं. कथील २३२ अंशांनाच वितळतं. रिकामं भांडं गॅसवर विसरलात की कल्हई गेली. तशी चिठ्ठी आम्ही प्रत्येक भांड्यात घालतो.

खरी अडचण गिऱ्हाइकाच्या मनात. “आहेरात वापरलेलं भांडं? लोक काय म्हणतील!” (हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या वाटताना हेच लोक काही म्हणत नाहीत.) त्यात जुन्या भांड्यांवर नावं. हाताने ठोकलेली, ठिपक्या-ठिपक्यांची: ‘चि. कुसुम हिस मामाकडून’. घासून काढून द्या, असा आग्रह व्हायचा. आम्ही काढत नाही. जुनं आहे ते जुनं म्हणूनच विकायचं. एक आजी नातीच्या बारशासाठी गडू घ्यायला आल्या, बराच वेळ नाव वाचत बसल्या आणि म्हणाल्या, “खाली जागा आहे की. आमचं घाला तिथे.” तेव्हापासून खाली नवं नाव घालून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

कंपन्यांच्या दिवाळीच्या ऑर्डरी सोडून द्याव्या लागतात. एकसारखे दोनशे तांबे जुन्यात कुठून आणणार?

हल्ली लोक स्वतःच्याच घरातली भांडी घेऊन येतात, कल्हई करून लेकीला, सुनेला द्यायला. त्यात विक्री नाही, नुसती मजुरी सुटते. तरी दिवाळीआधी तेच काम जास्त असतं, आणि दसऱ्यानंतर आणलेलं भांडं पाडव्याला मिळेल असा शब्द आम्ही देत नाही.