गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबते

गरीब, दाट वस्तीतून वर्दी आली की आग केवढी आहे याच्या आधी गाडी कुठवर जाईल हे बघावं लागतं. बंब जवळपास अडीच मीटर रुंद. गल्ली दीड मीटरची, डोक्यावर दोन्ही बाजूंनी पुढे आलेले पत्रे, खाली उघडं गटार. म्हणजे गाडी तोंडाशी थांबणार आणि पुढचं सगळं माणसांच्या खांद्यावर. बाहेरून आगीशी झुंज वगैरे दिसते, पण इथल्या फायरमनची निम्मी नोकरी हे अंतर कापण्यातच जाते.

समजा आग शंभर मीटर आत आहे. पाणी नेणाऱ्या १५ मीटरच्या सात होज (कापडी नळ) हिशेबाने पुरतात, प्रत्यक्षात नऊ न्याव्या लागतात. एक वळणांत जाते आणि एक दारापाशी मोकळी ठेवायची असते. नेमकी उंबऱ्यापर्यंत पोचलेली होज आतल्या खोलीसाठी निरुपयोगी.

६३ मिमी व्यासाच्या एका लांबीत, म्हणजे १५ मीटरच्या एका होजमध्ये, सुमारे ४७ लिटर पाणी मावतं. भरलेली होज कोपऱ्यावरून ओढायला तिघं लागतात, म्हणून ती कोरडीच अंथरतात आणि ब्रँचवरून, म्हणजे पुढच्या टोकाच्या तोटीवरून, इशारा आल्याशिवाय पाणी सोडत नाहीत. मग सगळी लाइन ३८ मिमीचीच का नको? तिच्यात लांबीला जेमतेम १७ लिटर पाणी, वळायलाही सोपी. पण तेवढंच पाणी ३८मधून न्यायचं तर घर्षणात ६३च्या सुमारे बारापट दाब खर्च होतो. म्हणून आतल्या चौकापर्यंत ६३ची मुख्य लाइन, तिथे डिव्हायडिंग ब्रीचिंग (एका लाइनच्या दोन करणारा जोड) आणि पुढे ३८च्या दोन लाइन. जोडताना कपलिंगमधला वॉशर बोटाने चाचपून बघायचा. तो पडलेला असला की सांध्यातून फवारा उडतो आणि ब्रँचवाल्याच्या हातात उरते नुसती बारीक धार.

गाडीपाशी उभ्या पंप ऑपरेटरला आग दिसत नाही, तो गेजवर (दाबाच्या काट्यावर) आणि कानावर चालतो. गेज चढलेला आणि आतून ‘पाणी नाही’ अशी ओरड, तर होज कुठेतरी मुडपली आहे, बहुतेक कोपऱ्यावर किंवा कुणाच्या दुचाकीच्या स्टँडखाली. दाब एकदम पडला तर फुटली, पत्र्याची धार हे नेहमीचं कारण. दाब पडला आणि इंजिनाचा आवाजही चढला, तर टाकी संपली. ४५०० लिटरची टाकी मिनिटाला ४५० लिटर दिलं तर दहा मिनिटांत कोरडी होते, आणि ६३च्या सात लांब्या नुसत्या भरायलाच त्यातले ३३० लिटर जातात. त्यामुळे दुसऱ्या गाडीने आगीकडे न धावता आधी पहिलीला पाणी द्यायचं. जवळचा हायड्रंट, म्हणजे बंबासाठीचा रस्त्यावरचा नळ, डांबराखाली बुजलेला असणं ही नवलाची गोष्ट नव्हे.

पहिली धार पेटलेल्या खोलीवर पडली नाही की लोक शिव्या घालतात. पण भिंती सामायिक, पोटमाळे प्लायवूडचे, पत्र्याखालून ज्वाळा सरळ शेजारी सरकतात. ती खोली बहुतेकदा गेलेलीच असते, शेजारच्या चार वाचवायच्या असतात. पहिली लाइन वाऱ्याच्या दिशेच्या शेजारावर लावणारा अधिकारी बरोबर असतो, त्याला कुणी काहीही म्हणो. आत माणूस अडकल्याची खबर असेल, तर मात्र हा हिशेब बाजूला पडतो.

वीज तोडली असं कुणी सांगितलं तरी तारा चालू धरायच्या, कारण जोडणी तिसऱ्याच घरातून आलेली असू शकते. गॅसच्या सिलिंडरच्या तोंडाशी ज्वाळा असेल आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल, तर ती विझवू नये. विझली तर हवेपेक्षा जड असलेला गॅस जमिनीलगत पसरून गटारात साचतो आणि दुसरीकडेच पेट घेतो. आडोशाला राहून फवाऱ्याने सिलिंडर थंड ठेवायचा, विशेषतः वरचा भाग. खालच्या भागाला आतला द्रव थोडाफार सांभाळतो, वर मात्र फक्त वाफ असते.

श्वसन संचालाही हेच अंतर खातं. ६.८ लिटरच्या नळकांड्यात ३०० बारवर साधारण दोन हजार लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरून कागदावर पन्नास मिनिटं निघतात, पण जिने चढत, होज ओढत ती वीस-पंचवीस मिनिटांत संपते. ५५ बारच्या आसपास संचाची इशाऱ्याची शिट्टी वाजते, तेव्हा घामाघूम माणसाकडे पाचएक मिनिटं उरलेली असतात. गल्लीच धुराने भरली असेल तर तीही परतीच्या वाटेत मोजायची. म्हणून मास्क गाडीपाशी न लावता धुराच्या कडेला लावतात आणि शिट्टीची वाट न बघता गेज बघून मागे फिरतात.

ज्वाळा गेल्या की कुलिंग, आणि ते तासन्‌तास चालतं. कपड्यांची गाठोडी आणि फोमच्या गाद्या आतून धुमसत राहतात. त्या बाहेर ओढून, फाडून भिजवाव्या लागतात. याच वेळी सगळे मास्क काढतात, आणि या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय हीच. आग दिसत नसली तरी कार्बन मोनॉक्साइड असतो, जळालेल्या फोममधून हायड्रोजन सायनाइडही निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत, टाकलं. तरीही काजळलेला कोट झोपायच्या खोलीत टांगलेला दिसतोच. कचऱ्याच्या आगी तर किरकोळ समजून सर्रास विनामास्क विझवल्या जातात, आणि त्यात बॅटऱ्या, स्प्रेचे डबे, काय वाट्टेल ते असतं.

केंद्रावर परतल्यावर लगेच आडवं होता येत नाही. नळकांडी बदलायची, टाकी भरायची, होज धुऊन सुकायला टांगायच्या. फुटलेल्या होजला जागेवरच, गुंडाळण्याआधी, टोकाशी गाठ मारायची, म्हणजे घाईत ती कुणी चांगली समजून गाडीत परत ठेवत नाही.