शिडी कोण धरतंय?

ऑक्टोबरची टळटळीत दुपार. चकल्यांचा वास जिन्यापर्यंत आलेला, आणि वॉचमनच्या खोलीमागून सोसायटीची शिडी फरफटत निघते. तिची ती खरखर ऐकली की समजावं, वसुबारस तोंडावर आली. खरखर होते कारण चारांपैकी एका पायाचा रबरी बूट कधीच गळून पडलेला असतो आणि ॲल्युमिनियम थेट फरशीवर घासत असतं. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. बूट बसवायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. हार्डवेअरच्या दुकानात तो सुटा मिळतो, पायाचं माप नेलं की झालं. त्याऐवजी त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतात, फार तर कडप्प्याचा तुकडा. गुळगुळीत टाइल्सवर घडी पुठ्ठ्याची असो की कागदाची, माणूस वर चढून एका बाजूला झुकला की त्या पायावरचं वजन कमी होतं, घडी निसटते आणि शिडी एकदम कलते.

तरी शिडी आणणारे बरे म्हणायचे. बहुसंख्य कंदील स्टुलावरून लागतात. स्टूल नसलं तर प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्ची पुरली नाही तर टीपॉयवर खुर्ची, आणि शेजारी उभं राहून ‘मी धरलीये’ असं म्हणणारं कुणीतरी. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय बसणाऱ्यासाठी बेतलेले असतात. उभ्या माणसाचं वजन एका कडेला आलं की ते बाहेर फाकतात, आणि धुतलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर तर फाकायचे थांबतच नाहीत.

गॅलरीतलं स्टूल त्याहून वाईट, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. कठडा साधारण साडेतीन फुटांचा. जमिनीवर उभं राहिलं की तो पोटाच्याही वर येतो, म्हणून गॅलरीत सुरक्षित वाटतं. दीड फुटांच्या स्टुलावर चढलं की पावलांच्या वर कठडा उरतो दोन फूट, म्हणजे गुडघ्याच्या जेमतेम वर. शरीराचं वजन तोलतं ते बेंबीच्या आसपास. तोल बाहेरच्या बाजूला गेला तर असा कठडा अडवत नाही, उलट गुडघ्यात अडकवून पालथं पाडतो. त्यामुळे गॅलरीत कंदील लावायचा तर हूक कठड्याच्या वर नको, दोन फूट आत, घराच्या बाजूला हवा. कंदील रस्त्यावरून तेवढा ठसठशीत दिसणार नाही हे खरं. पण हौसेला असा सव्वा हात मागे सरकायला लावणं मला तरी जास्त वाटत नाही.

घोडा, म्हणजे पाय फाकवून आपली आपण उभी राहणारी शिडी, वापरायचा तर पूर्ण उघडायचा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. मधल्या पट्ट्या सरळ होऊन ‘खट्’ आवाज आला पाहिजे. अर्धवट दुमडलेली पट्टी वजन आलं की मिटते. जागा कमी म्हणून घोडा मिटलेलाच भिंतीला टेकवून चढणारे पुष्कळ. त्याचे पाय उघड्या अवस्थेसाठी कापलेले असतात. मिटवून टेकवला की रबराची फक्त कड जमिनीला लागते, आणि कड घसरते. वरच्या दोन पायऱ्या आणि माथ्याची फळी उभं राहण्यासाठी नसते. माथ्यावर पक्कड ठेवावी, पाय ठेवू नये. पायरीवर उभं राहिल्यावर गुडघे आणि मांड्या टेकायला पुढे काहीतरी असलं पाहिजे. तो आधार संपला की माणूस वर नुसता तरंगत असतो. साडेपाच फुटांचा माणूस हात वर करून साधारण सात फुटांपर्यंत पोचतो. दहा फुटांवरच्या स्लॅबला हात लावायचा तर उभं राहायची पायरी तीन-साडेतीन फुटांवर हवी, म्हणजे घोडा सहा फुटांचा. चार फुटी घोड्यावर तेवढी उंची त्याच्या माथ्यालाच मिळते. सगळी गडबड इथेच होते.

भिंतीला टेकवायच्या सरळ शिडीचा हिशेब चारास एक. बारा फुटांवर टेकवली तर पाय भिंतीपासून तीन फूट लांब. टेप काढायचीही गरज नाही. शिडीच्या पायांना आपली बोटं लावून ताठ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे. तळवे समोरच्या पायरीवर आरामात टेकले तर कोन बरोबर. हात पोचत नसतील तर शिडी फार आडवी आहे, खालून सरकेल. कोपरं वाकत असतील तर फार उभी, मागे उलटेल. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडीचं टोक कठड्याच्या वर तीन फूट तरी जावं, म्हणजे पाय टाकताना हाताला धरायला राहतं. पन्हाळीच्या पीव्हीसी पाइपला, काचेला किंवा पत्र्याच्या कडेला शिडी टेकवायची नाही. गावाकडच्या सारवलेल्या अंगणात एक पाय हळूच रुततो, आणि रुततो तो माणूस वर गेल्यावरच. दोन्ही पायांखाली मिळून एक रुंद फळी घातली की भागतं. एकाच पायाखाली वीट नको. परतीच्या पावसाची एखादी सर दिवाळीतही येते, आणि गच्चीवरचं वाळलेलं शेवाळ ओलं झालं की पुन्हा बुळबुळीत होतं. त्या दिवशी दिव्यांची माळ लागली नाही म्हणून लक्ष्मी परत जात नाही.

लाकडी शिडी अजूनही पुष्कळ घरांत आहे, माळ्यावर चढायची. दिवाळीच्या साफसफाईत उरलेला ऑइलपेंट तिला फासायची एक रीत आहे. रंगाखाली चीर झाकली जाते, किडीचं भोक बुजतं, आणि पायरी मोडते तेव्हाच कळतं की ती आतून कधीच गेली होती. लाकडाला पाणी लागू नये असं वाटत असेल तर जवसाचं तेल किंवा बिनरंगी वॉर्निश लावावं. बांबूच्या शिडीला उभी भेग पडली की दोरी गुंडाळून ती चालवतात. रंगारी असं करत नाहीत. ते तो बांबू बाजूला काढतात. रोज चढणारा माणूस जे करत नाही ते वर्षातून एकदा चढणाऱ्याने करू नये, एवढं साधं धोरण ठेवलं तरी पुष्कळ आहे.

आता चढणारा. लुंगी, सुटा पदर, लोंबती ओढणी, रबरी स्लिपर हे सगळं खाली ठेवून यावं. नरकचतुर्दशीच्या पहाटे कंदील विझलेला दिसतो आणि तेल लावलेले पाय तसेच स्टुलावर चढतात. उटणं लागलेल्या हातांनी होल्डर फिरवायचा, तोही अंधारात. बल्ब सकाळी चहा झाल्यावर बदलला तरी चालतो. बायफोकल चष्मा असेल तर खालची पायरी वाचायच्या भिंगातून दिसते आणि जागा सोडून दिसते; शेवटच्या पायरीऐवजी जमीन समजून पाय टाकणारे यातलेच. मान मागे टाकून वर पाहत राहिलं की अनेकांना गरगरतं. खाली उभं असताना दोन पावलं मागेपुढे होऊन ते सावरतं, चौथ्या पायरीवर सावरायला जागा नसते. चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी चढूच नये. घरातल्या आजोबांना हे सांगणं सर्वांत अवघड, कारण गेली चाळीस वर्षं कंदील त्यांनीच लावलेला असतो. त्यांच्याकडे खाली उभं राहून शिडी धरायचं काम द्यावं हा उपाय सुचवणारे सुचवतात. त्यांना आपले आजोबा ठाऊक नसतात.

शिडी धरणं हे कामही लोकांना वाटतं तितकं किरकोळ नाही. धरणाऱ्याच्या एका हातात मोबाइल असतो, आणि तोंडाने ‘अजून जरा डावीकडे’ चालू असतं. वरच्या माणसाला डावीकडे झुकवणारा तोच. नियम असा, की बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. ती बाहेर जात असेल तर उतरायचं, शिडी सरकवायची आणि पुन्हा चढायचं. कंटाळा येतो, मान्य. पण सगळे अपघात त्या शेवटच्या अर्ध्या फुटात. धरणाऱ्याने दोन्ही हातांनी दोन्ही दांड्या धराव्यात, एक पाऊल खालच्या पायरीवर दाबून ठेवावं, आणि पक्कड डोक्यात पडेल असं बरोबर खाली डोकं ठेवू नये. पडणारा माणूस तो झेलू शकत नाही. शिडी सरकू देत नाही, एवढंच त्याचं काम. वरच्याचे दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, कायम शिडीला. म्हणून माळेचं भेंडोळं, चिकटपट्टी, टाय, टेस्टर हे सगळं हातात घेऊन चढायचं नाही. कापडी पिशवी दोरीने वर ओढून हुकाला अडकवावी.

आणि रांगोळी. दारातल्या कंदिलाच्या नेमकी खाली रांगोळी असते, त्यामुळे दुरुस्तीला शिडी लावायची तर तिच्यावरच. ती फुंकरीने बाजूला सारून शिडी ठेवली तरी उरलेली भुकटी रबराखाली बारीक छर्ऱ्यांसारखी फिरते. ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय तिथे शिडी ठेवू नये. रांगोळी काढणारीने काही बोललं तर ऐकून घ्यावं.

माळा मात्र खाली, सतरंजीवर पसरून आधी लावून पाहाव्यात. पूर्वीच्या बारीक बल्बांच्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ बंद, मग घरातल्या सगळ्या पोरांनी टेस्टर घेऊन एकेक बल्ब काढून घालून पाहायचा. त्यात अर्धी संध्याकाळ जायची आणि ती खाली बसूनच जायची. आता पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लोहार चाळीतून आणलेली एलईडीची माळ थेट वर नेतात आणि वर गेल्यावर कळतं की अर्धी बंद आहे. या माळांबद्दल एक गैरसमज पक्का आहे, की एलईडी म्हणजे कमी व्होल्टचं, शॉक बसत नाही. बऱ्याच स्वस्त माळांच्या त्या छोट्या डबीत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट माळेत खेळत असतात आणि त्यांच्यावर आवरण असतं केसाएवढं. पिन काढलेली असतानाच माळ बांधायची. बटण बंद केलंय हे पुरेसं नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण पुष्कळदा न्यूट्रलवर असतं आणि फेज तशीच पुढे गेलेली असते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर त्याचं टेस्ट बटण दिवाळीआधी एकदा दाबून पाहावं. शिडीवर बसलेला शॉक जीव घेण्याइतका नसला तरी हात झटकतो, आणि पुढचं काम उंची करते. इमारतीला लागून विजेच्या तारा गेल्या असतील तर त्या बाजूला ॲल्युमिनियमची शिडी न्यायचीच नाही. बांबूही ओला असला तर भरवशाचा नाही. दहा फुटांचं अंतर कमीत कमी.

या सगळ्यातून सुटायची वाट चाळीतल्या लोकांना ठाऊक होती. कप्पी. वाशाला किंवा तुळईला एकदा कप्पी ठोकली की कंदील खालून दोरीने वर जायचा आणि दोरीचा दुसरा पदर कठड्याच्या गजाला गुंडाळून गाठ. दोन समोरासमोरच्या गॅलऱ्यांमध्ये मोठा कंदील चढवताना पोरं ओढायला, मोठी माणसं ओरडायला, आणि वर कुणीच नाही. कार्तिकातला आकाशदिवा तरी काय, उंच काठीवर दोरीनेच चढतो. विजेचा बल्ब आला तेव्हा दोरीबरोबर वायरही वर गेली आणि पद्धत चालू राहिली. फ्लॅटमध्ये आल्यावर कप्पी मागे राहिली आणि स्टूल आलं.

ती परत आणायला खर्च फारसा नाही. गॅलरीच्या बीमला आडव्या बाजूने ६ मिलिमीटरचं भोक, त्यात स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी, स्क्रूचा हूक, त्याला लहान कप्पी. स्लॅबला खालून भोक पाडलं तर गिट्टी वजनाने सरळ खाली ओढली जाते, म्हणून आडवं बरं. शिवाय ड्रिलची भुकटी डोळ्यांत येत नाही. गंजेल म्हणून हूक स्टेनलेसचा. नायलॉनची चार मिलिमीटरची दोरी पुरते. कंदिलाचा भार दोरीवर घ्यायचा, वायर तिच्या बाजूने सैल सोडायची. वायरवर टांगलेला कंदील वाऱ्याने हलत राहतो आणि दोन-तीन दिवसांत होल्डरमधला स्क्रू सैल होतो. आत ९ वॅटचा एलईडी. ४० किंवा ६०चा पिवळा बल्ब जिलेटिन आणि पताकेच्या कागदाजवळ नको. माळांसाठी कठड्याच्या बाजूने, हात पोचेल अशा उंचीवर कायमचे हूक मारून ठेवावेत. हे भोक पाडायला शिडीवाला इलेक्ट्रिशियन एकदा बोलवायचा, दसऱ्याच्या आधी, तो मोकळा असताना. त्यानंतर शिडी लागत नाही.

कप्पी नसलेल्या घरात कंदील लावण्यापेक्षा उतरवणं जास्त धोक्याचं असतं. लावताना घर भरलेलं असतं, सतराजण सूचना द्यायला असतात. तुळशीचं लग्न होतं, त्रिपुरी पौर्णिमा जाते, पाहुणे गेलेले, पोरं क्लासला. मग एखाद्या दुपारी घरात एकटंच माणूस ‘आता हे काढून टाकूया’ म्हणून स्टुलावर चढतं. सहा फुटांवरून पडायला सेकंदही लागत नाही, ०.६ सेकंद. जमिनीला लागताना वेग ताशी २१ किलोमीटरच्या पुढे असतो.

कुणी पडलं तर आपला पहिला हात बगलेत जातो, उठवून बसवायला. तो आवरावा. मान आणि पाठ हलवू नये, पाणी पाजू नये. शेजारी माळ चालू असेल तर हात लावण्याआधी मेन बंद करावा. शुद्ध हरपली असेल, हातापायांना मुंग्या असतील, उलटी होत असेल किंवा मान दुखत असेल तर १०८ला फोन करावा आणि येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी आहे तसंच स्थिर धरून बसावं. लगेच उठून ‘काही नाही झालं’ म्हणणाऱ्याकडेही पुढचे चोवीस तास लक्ष ठेवावं, विशेषतः तो रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल तर. डोकं वाढत्या प्रमाणात दुखू लागलं, बोलणं अडखळू लागलं, फार झोप येऊ लागली, की रात्र आहे म्हणून थांबू नये.