टुईया आणि विहिरीवरचे मॉस

आमच्या वावरातल्या विहिरीला लागून एक जुना पळस आहे. गेल्या फाल्गुनात पंपाला वीज मिळण्याची वाट पाहत त्याच्याखाली बसलो असता, अंगावर पडणाऱ्या अर्धवट कुरतडलेल्या केशरी पाकळ्यांमुळे वर टुईया पोपटांचा थवा असल्याचे लक्षात आले. हा पोपट जेमतेम ३३ सेंटीमीटर लांबीचा असून त्यातला निम्म्याहून अधिक भाग शेपटीचाच असतो. नराचे डोके पिकल्या जांभळासारखे तांबूस-निळसर, तर मादीचे राखाडी असते, त्यामुळे जोडी दुरूनही ओळखता येते.

त्याच विहिरीच्या कठड्यावर, दगडांच्या सांध्यांत, चंदेरी झाक असलेले मॉस, म्हणजे गादीसारखी पसरणारी एक इवलीशी वनस्पती, वाढते. त्याचे शास्त्रीय नाव ब्रायम अर्जेंटियम. आपण त्यालाही सरसकट शेवाळच म्हणतो. वास्तविक विहिरीतला बुळबुळीत हिरवा थर आणि हे मॉस यांचे फारसे नाते नाही. भिंगातून पाहिल्यास त्याची पाने वेणीच्या पेडांसारखी एकमेकांवर चिकटून बसलेली दिसतात आणि त्यांच्या टोकांत हरितद्रव्य नसल्यामुळे ती रुपेरी भासतात.

या मॉसमध्येही नर आणि मादी रोपे वेगवेगळी असतात, हे वाचून मला आश्चर्य वाटले, कारण बाहेरून तसे काहीच कळत नाही. टुईयाचा नर शीळ घालत मादीकडे उडत जातो. मॉसच्या नरपेशीला मात्र पाण्याच्या पातळ थरातून पोहत जावे लागते आणि काही सेंटीमीटरांचे अंतरही तिला भारी पडते. स्वीडनमधील संशोधकांनी २००६ मध्ये याच मॉसवर प्रयोग करून दाखवून दिले की स्प्रिंगटेल व माइटसारखे सूक्ष्म जीव या पेशी वाहून नेतात. मधमाशीचे काम फुलांच्याही आधीपासून कुणीतरी करत असावे, हा विचार मला त्या पोपटाच्या रंगांपेक्षाही अधिक मोहवून गेला.

खरा फरक वैशाखात दिसतो. पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा टुईया पाण्याच्या आणि फळांच्या शोधात नाल्याकाठच्या उंबरांकडे निघून जातो; हुरड्याच्या दिवसांत मात्र तो गोफणीलाही दाद देत नाही, हा आमचा जुना हिशेब आहे. मॉसला जाता येत नाही. पाणी ओढून घेणारी मुळे नसल्यामुळे ते पूर्ण वाळते, जगण्याची क्रिया जवळजवळ थांबवते आणि कठड्यावर काळपट खरपुडीसारखे पडून राहते.

मे महिन्यात मी त्या खरपुडीवर तांब्याभर पाणी ओतले, तेव्हा शेजारचे काकाजी हसून म्हणाले, “याले पाणी पाजून काय पीक घेतं का रे बाबू?” तोवर चिकटून बसलेली पाने उलगडू लागली होती, आणि काकाजी बिडी विझवून कठड्यावर वाकले होते.