तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लित्वेत समुद्राचा पाला

"गो, समुद्रातला शेवाळ खातंस? वास येना नाय?" मालवणला गेले की पहिल्याच दिवशी हे कुणीतरी विचारतं. मी आता राहते त्या क्रोएशियातल्या स्प्लिटमध्ये लोकांना शंका उलटी येते, चांगल्या ब्लित्वेत हे काळं काय घालतेस म्हणून. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कढईत आहे. तेव्हा एकदा सविस्तर लिहिते.

आधी ब्लित्वा. ही चार्डची भाजी. चार्ड आणि बीट ही एकाच वनस्पतीची दोन रूपं, त्यामुळे आपल्याकडे करायची तर बीटाचा कोवळा पाला घ्यावा, चव बरीच जवळ जाते. डाल्मेशियाच्या, म्हणजे स्प्लिटच्या भागातल्या, किनाऱ्यावर बटाट्याच्या फोडी उकडायला टाकतात, त्या शिजत आल्या की त्याच पाण्यात पाला घालतात, मग सगळं निथळून ऑलिव्ह तेलात लसणीवर परततात. निखाऱ्यावर भाजलेली मासळी ताटात आली की शेजारी ब्लित्वा असायचीच. मी ती शिकले वरच्या मजल्यावरच्या तेताकडून. तेता म्हणजे मावशी-आत्या. ओळखीच्या वडीलधाऱ्या बाईला इथे तसंच हाक मारतात.

मियोक, म्हणजे ते काळं समुद्री शेवाळ, मात्र त्याच्या आधीपासून माझ्याकडे आहे. नोकरीसाठी चार वर्षं दक्षिण कोरियात बुसानला होते. घरमालकीणबाईंना मी हाल्मोनी म्हणायचे, म्हणजे आजी. पहिल्याच वाढदिवसाला सकाळी त्या मियोकचं सूप घेऊन दारात उभ्या. कोरियात बाळंतिणीला हे सूप देतात, आणि पुढे जन्मभर प्रत्येक वाढदिवसाला माणूस तेच पितो. आपल्याला जन्म देऊन आईनं जे खाल्लं, ते त्या दिवशी आपण खायचं. माझ्या आईनं आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खाल्ले होते. हाल्मोनींना ते सांगितलं तर त्यांनी आळीव म्हणजे काय, कसा भिजवतात, सगळं विचारून घेतलं. मियोक मला तेव्हापासून परकं वाटलं नाही.

सूप सणाचं, पण रोजच्या जेवणात असते ती मियोकच्या देठांची परतलेली भाजी. खारवलेले देठ पाण्यात ठेवून मीठ उतरवायचं, मग तेल, लसूण, कांदा, गाजराच्या काड्या. स्प्लिटला तेताच्या ओट्याजवळ पहिल्यांदा उभी राहिले आणि लसूण तेलात पडली, तेव्हा डोळ्यांसमोर हाल्मोनींचाच तवा आला. तेल, लसूण, हिरवा पाला, समुद्राचं मीठ. दोन्ही बायकांची सुरुवात अगदी एक होती.

हे कळायच्या आधी मी मात्र चूक केली होती. कोरियन चव आणायची म्हणून गोचुजांग, ती लाल मिरचीची आंबवलेली चटणी, चमचाभर घातली. ऑलिव्ह तेलाचा वास गेला, चार्डची मातकट गोडी गेली, मियोकचं असणं-नसणं सारखंच झालं. तेतानं बटाटे तेवढे खाल्ले. आता माझं मत पक्कं आहे: दोन देशांचे मसाले एकमेकांवर ओतायचे नाहीत. ब्लित्वा ब्लित्वेसारखीच करायची आणि मियोकला त्यात दुसरी पालेभाजी म्हणून जागा द्यायची.

तिघांसाठी सुकं मियोक 10 ग्रॅम पुरे. मूठभरही दिसत नाही म्हणून जास्त घेऊ नका, भिजून ते दहापट होतं. गार पाण्यात वीस मिनिटं ठेवा. मग येतो वासाचा मुद्दा. हाल्मोनी भिजलेलं मियोक दोन्ही हातांनी चांगलं चोळायच्या, फेस येईपर्यंत, आणि दोन-तीन पाण्यांतून काढायच्या. उग्र वास आणि वरचा बुळबुळीतपणा बराचसा तिथेच जातो. नंतर घट्ट पिळून कात्रीनं तुकडे करायचे. पिळण्यात आळस केला तर गरम तेलात ते तडतडून अंगावर उडतं.

दोन बटाटे उकडा, अर्धा किलो चार्डचे देठ आधी आणि पानं नंतर त्याच पाण्यात टाका, मिनिटा-दोन मिनिटांत काढून निथळा. कढईत तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मंद आचेवर पाच पाकळ्या ठेचलेली लसूण. ती लाल होऊ द्यायची नाही, कडवटते. एक कांदा आणि एका गाजराच्या काड्या परतून मियोक घाला आणि आच वाढवा. तीन मिनिटं सतत हलवत राहा. समुद्राचा वास इथे भाजल्यासारखा खमंग होतो. मग चार्ड, मग बटाटे. फोडींच्या कडा चमच्यानं किंचित मोडा, म्हणजे तेल आणि लसूण त्यांना धरून राहते. मिठाऐवजी कोरियन सूपचा सोया सॉस एक लहान चमचा. तो रंगानं फिका आणि चवीला जास्त खारट असतो. वेगळं मीठ चाखल्याशिवाय घालू नका.

तिळाचं तेल गॅस बंद केल्यावरच, चार थेंब. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं असतं, तापवलं की त्याचा सुगंध उडतो. आपलं साधं तिळाचं तेल त्याच्या जागी चालणार नाही. त्यापेक्षा तीळ भाजून कुटून वर घाला. माझ्याकडे मोतार असलं तर तेही घालते. डाल्मेशियातल्या किनाऱ्याच्या खडकांत उगवणारी ही मांसल पानांची वनस्पती, इथे व्हिनेगरमध्ये मुरवतात. त्या आंबट-खारट चवीनं मियोक खुलतं.

एक गोष्ट मला फार आवडते. डिसेंबर 2013 मध्ये बाकूला युनेस्कोची बैठक झाली. किमची, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांचं लोणचं, घालायची आणि शेजारीपाजारी वाटायची कोरियन पद्धत, किमजांग, तिथेच अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आणि भूमध्य सागराकाठच्या आहाराच्या नोंदीत क्रोएशियाचं नाव त्याच बैठकीत आलं, ब्राच आणि ह्वार या बेटांसाठी. ब्राच माझ्या खिडकीतून दिसतं.

थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावं, मियोकमध्ये आयोडीन भरपूर असतं. हे मी प्रत्येक पाहुण्याला आधी सांगते.

खायचं कशाशी, तर भाजलेल्या पेडव्यांशी. मालवण, बुसान, स्प्लिट, तिन्हीकडे मला हे छोटे मासे मिळाले. उरलं तर दुसऱ्या दिवशी बटाटे बाजूला काढून पाला तसाच गार, गरम भातावर घेते. तेता मात्र ते पुन्हा गरम करून पावाबरोबर खाते, आणि हल्ली डबा परत देताना आत लसणीचा एखादा गड्डा ठेवते.